सेन्सरची जागा: मणींचं जाळं आणि गोंदियाची गच्ची

सौर प्रारण मोजणारा पायरॅनोमीटर बसवायचा म्हटलं की आपण आधी किमती बघतो. माझं म्हणणं, त्याआधी थोडा इतिहास वाचा. जागेचे जे नियम कटकटीचे वाटतात, ते कशासाठी आहेत ते तिथे कळतं.

अ‍ॅना मणी 1948 मध्ये पुण्याला हवामान खात्यात आल्या. तेव्हा बरीचशी उपकरणं परदेशातून यायची. त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथेच बनवायला घेतली. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशात प्रारण-मापन केंद्रांचं जाळं उभं राहिलं, तेही त्यांच्याच पुढाकाराने. त्या नोंदींचं हँडबुक 1980 मध्ये आलं.

अनेक शहरांचे आकडे एका तक्त्यात मांडायचे, तर प्रत्येक केंद्रावर क्षितिज मोकळं हवं, उपकरण समपातळीत हवं, काच पुसलेली हवी. संध्याकाळी पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल, तर तो आकडा शहराचा राहत नाही, टाकीचा होतो.

मोजण्याचं मानकही बदललंय. 1956 च्या मापश्रेणीतले आकडे आजच्या जागतिक संदर्भापेक्षा दोनेक टक्के कमी भरतात. हे न बघता जुना तक्ता नव्या लॉगरला जोडलात, तर ऊन वाढल्याचा 'शोध' लागेल!

आता गोंदिया. त्या जाळ्यातलं जवळचं केंद्र नागपूर, रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. इकडे तलाव, धानाची बांधी, जंगल. नागपूरचे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. (जुन्या कागदांत गोंदिया शोधताना भंडारा बघा. 1 मे 1999 पर्यंत जिल्हा एकच होता.)

पुस्तकात वाचून आपण फक्त दक्षिण मोकळी ठेवतो. पण गोंदिया साधारण साडेएकवीस अंशांवर, कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे. मे अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेकडेच असतो. म्हणजे उत्तरेचं चिंचेचं झाडही सावली टाकणार. केबलचं तोंड उत्तरेला ठेवलं की तिला ऊन लागत नाही, हा नियमही त्या दिवसांत पुरत नाही. वरची पांढरी तबकडी काढून ठेवू नका.

सूर्य उगवतो-मावळतो तो पट्टा पूर्व-पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साधारण 25 अंशांचा. त्यात पाच अंशांपेक्षा उंच काही नको. सेन्सरपेक्षा दहा मीटर उंच झाड असेल तर ते सव्वाशे मीटर तरी लांब हवं. गावात अशी जागा मिळणं कठीण, त्यामुळे उंच गच्चीच बघा. पण शेजारी चुन्याची पांढरी भिंत नको, आणि राईस मिलच्या वाऱ्यात तर मुळीच नको; कोंड्याची धूळ काचेवर बसते. रोज पुसायला जिना हवा, शिडी नव्हे.

जागा ठरली की आठही दिशांचे फोटो, अडथळ्यांचे कोन, सेन्सरचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहा. दर मे महिन्यात कोन पुन्हा मोजा. झाडं वाढतात, शेजारी मजले चढवतात.