मळ कशाला म्हणायचं? जुन्या कॅमेऱ्याच्या सफाईची गोष्ट



आजचा विषय तसा घरगुती आहे. माळ्यावर, कपाटात पडून असलेला जुना फिल्म कॅमेरा घरातल्याच साधनांनी स्वच्छ कसा करायचा? तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं यात काय सांगायचं, असं तुम्हाला वाटेल. पण फडकं हातात घेण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो माझ्या विषयातला आहे: मळ कशाला म्हणायचं? मेरी डग्लस या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली ‘प्युरिटी अँड डेंजर’ या ग्रंथात याचा विचार केला. त्याचा मथितार्थ असा की, मळ हा वस्तूचा गुण नव्हे. वस्तू नको तिथं दिसली की आपण तिला मळ म्हणतो. शेतातली ती माती, आणि तीच दिवाणखान्यात आली की घाण.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंची फिल्म. ती संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवायचा. ते फिल्म धुऊन, फोटो छापून, नवी फिल्म भरून द्यायचे. त्याचे १० डॉलर. मालकानं पेटी उघडायची गरजच नव्हती. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला. पुठ्ठ्याची पेटी, साधं भिंग, आणि फिल्म घरीच बदलायची सोय. सर्वसामान्य कुटुंबात कॅमेरा उघडला जाऊ लागला, आणि आत धूळही जाऊ लागली, बोटंही जाऊ लागली.

त्याच काळात इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात हॅरोल्ड डेनिस टेलर भिंगं बनवत होते. त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. हवेनं डागाळलेल्या जुन्या भिंगातून कोऱ्या भिंगापेक्षा जास्त प्रकाश जात होता! कारण असं: साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. तीन सुटी भिंगं म्हणजे सहा पृष्ठभाग, म्हणजे २० टक्क्यांहून जास्त प्रकाश वाया. काचेवर धरलेला तो पातळ थर हे परावर्तन कमी करत होता. लोक ज्याला खराबी म्हणत होते, ती सुधारणा निघाली. टेलर यांनी १९०४ साली असा थर रसायनांनी मुद्दाम आणण्याचं पेटंट घेतलं. पुढं १९३५ साली झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत भिंगावर अतिशय पातळ लेप चढवण्याची पद्धत काढली. जुन्या भिंगावर निळसर-जांभळी झाक दिसते ना, ती या लेपाची. सुरुवातीचे लेप नाजूक होते. डाग समजून कुणी ते घासून काढले, तर घरी पुन्हा चढवता येत नाहीत.

म्हणून पहिला नियम: पुसण्याआधी बघा. टॉर्च तिरपी धरून भिंग न्याहाळा. धूळ असेल तर रबरी फुग्यानं हवा मारा, मग मऊ, कोरडा ब्रश. धुळीत वाळूचे कण असतात, ते काचेपेक्षा कठीण. आधी फडकं फिरवलंत तर चरे पडलेच. बोटाचे ठसे असतील तर तोंडाची हलकी वाफ आणि अनेकदा धुतलेलं सुती कापड, मधून कडेकडे, दाब न देता. बॅटरीच्या कप्प्यात पांढरा-हिरवट क्षार आला असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर, नंतर किंचित पाणी, आणि पूर्ण कोरडं. मागच्या झाकणातला काळा स्पंज चिकट झाला असेल तर दातकोरणीनं काढा; त्या खाचेत काळी लोकर बसवली तरी प्रकाश अडतो. एसएलआरच्या आरशाला मात्र हात लावू नका, त्याचा चांदीसारखा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला असतो. आणि शटरच्या पात्यांना तेल नको, पाती चिकटतात.

आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणात, खरा शत्रू पावसाळा. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती वाढताना निघणाऱ्या आम्लानं काच कायमची खरवडली जाते. इथं थांबून चालत नाही. बुरशी आतल्या भिंगावर असेल तर जाणकाराकडे न्या. आणि कॅमेरा चामडी कव्हरात कोंडून ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या डब्यात ठेवा.

म्हणजे बघा, टेलर यांचा थर आणि ही बुरशी, दोन्ही काचेवरचे डागच. एक ठेवायचा, एक काढायचा. फडक्याला हा फरक कळत नाही; तो आपल्यालाच करावा लागतो. जुन्या काळ्या कॅमेऱ्याच्या कडेला रंग उडून पितळ दिसतं. कुणाचा तरी अंगठा तिथं वर्षानुवर्षं टेकलेला असतो. घरातल्या आजोबांचा असेल, आत्याचा असेल. पॉलिश लावून ते चकचकीत करण्याआधी एकदा विचारा, हा मळ आहे का? माझ्या मते नाही.

इथंच थांबतो.