टिळकांची झोप

रत्नागिरीच्या टिळक आळीत २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला. त्यांची सिंहगर्जना आपण शाळेपासून ऐकत आलो. आज त्यांच्या झोपेविषयी बोलू.

२७ जुलै १८९७च्या रात्री राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना मुंबईत अटक झाली. जामीन नाकारल्याचे सांगायला स्नेही गेले, तेव्हा टिळक कोठडीत गाढ झोपलेले होते, अशी आठवण सांगितली जाते. आपण तिच्यात धैर्य पाहतो, ते योग्यच. पण त्या झोपेत शरीर काय करते, हे तेव्हा कुणाला ठाऊक होते?

मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९मध्ये प्रसिद्ध केला. १९३७मध्ये अमेरिकेत लूमिस आणि सहकाऱ्यांनी अशा आलेखांवरून झोपेच्या पायऱ्या मांडल्या. सर्वांत खालच्या पायरीवर लहरी मोठ्या आणि संथ होतात, नाडी मंदावते. वाढीचे संप्रेरक तेव्हाच भरपूर स्रवते, शरीराची झीज भरून निघते आणि दिवसभरात शिकलेले मेंदूत पक्के होते. ही गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पूर्वार्धात लागते.

टिळकांपुढे खटला होता, नंतर दीड वर्षाची सक्तमजुरी. त्या रात्रीच्या झोपेने पुढच्या दिवसाची शिदोरीच बांधून दिली म्हणायची. आपण मात्र जागरणालाच कर्तृत्व मानतो. परीक्षेच्या दिवसांत डोळा लागलेल्या मुलाला आळशी म्हणून हलवून उठवतो. त्याला हाक मारण्यापूर्वी कोठडीतली ती झोप आठवावी.