रटलंड

रटलंड : इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स भागातील परगणा. क्षेत्रफळ सु. ३८२ चौ. किमी. ; मुख्य ठिकाण ओकम. ‘थोडक्यात पुष्कळ’ या अर्थाचे त्याचे लॅटिन ब्रीद सार्थ आहे. १९७४ मध्ये तो लेस्टरशरमध्ये विलीन झाला. लोकांनी अस्मिता जपली आणि १९९७ मध्ये स्वतंत्र कारभार परत मिळाला.

ओकमच्या बाराव्या शतकातील दिवाणखान्याच्या भिंतींवर घोड्याचे दोनशेहून अधिक नाल टांगलेले आहेत. गावात प्रथमच येणाऱ्या सरदार-उमरावाने येथे नाल अर्पण करण्याची जुनी प्रथा आहे. टोके खाली करून लावलेल्या या नालांच्या पोकळीत सैतानाला बसता येत नाही, अशी स्थानिक समजूत आहे.

ग्वॉश नदीचे खोरे अडवून १९७० च्या दशकात रटलंड वॉटर जलाशय झाला. तेव्हा नॉर्मंटनच्या चर्चचा खालचा भाग दगडमातीने भरून वरचा भाग वाचवला; आज ते पाण्यातच उभे असल्यासारखे दिसते. ऑस्प्री या मासेखाऊ शिकारी पक्ष्याची पिले १९९६ पासून येथे आणून सोडण्यात आली; २००१ मध्ये विणीला यश आले. २०२१ मध्ये येथेच इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा सु. १० मी. लांबीचा जीवाश्म सापडला.