कलम ५० : इथले आणि तिथले

मुलांच्या नागरिकशास्त्रात सत्ताविभाजनाचा धडा असतो. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ असे तीन चौकोन काढले की गुण मिळतात. पण मंडळी, हा धडा आपल्या जहरातही शिकता येतो.

आपण पाहुण्यांना हौसेने लाल किल्ला दाखवतो. १० ऑक्टोबर १९२० रोजी इखवानांनी तो वेढला, तेव्हा आत शेख सालेम अल-मुबारक स्वतः होते. राज्यकर्ते तेच, सेनापतीही तेच. पुढे १९२५च्या ब्रिटिश फर्मानानुसार ब्रिटिश प्रजेचे, म्हणजे आपल्या हिंदी लोकांचेही, खटले पोलिटिकल एजंटसमोर चालू लागले. राजकारण पाहणारा अधिकारीच न्यायाधीश! कुवेती माणसासाठी न्यायाची व्यवस्था वेगळी. कोणाच्या दारात उभे राहायचे हे गुन्ह्यावर नव्हे, तर तुम्ही कोणाचे प्रजाजन यावर ठरे.

मुंबई इलाख्यातून आलेल्याला यात नवल वाटले नसेल. तिकडे सारा वसूल करणारा कलेक्टरच जिल्हा दंडाधिकारी, आणि मामलेदाराच्या हातीही दंडाधिकाऱ्याचे अधिकार. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच कचेरीत दाद मागायची. नोव्हेंबर १९४८मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचे कलम मांडले. त्यातली तीन वर्षांची मुदत मात्र गळली. तेच आपले कलम ५०. मुंबई राज्याने १९५१मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. देशभर मात्र १९७४ साली नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होईपर्यंत वाट पाहावी लागली.

गंमत म्हणजे ११ नोव्हेंबर १९६२च्या कुवेतच्या घटनेतही सत्ताविभाजनाचे कलम ५०च आहे. कलम २९ वंश, मूळ, भाषा आणि धर्म यांवरून भेद करायला मनाई करते. (आपल्या कलम १५मध्ये 'जात' हा शब्दही आहे. तो का लागला, हे आपल्याला कोणी सांगायला नको.) संसद मात्र १९७६ आणि १९८६मध्ये घटनेतली काही कलमे स्थगित ठेवून बरखास्त झाली. १० मे २०२४ रोजी ती पुन्हा बरखास्त झाली आणि काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित झाली.

माझ्या मते खरी अडचण याहून बारीक अक्षरांत आहे. जहरातल्या तैमा भागात १८ फेब्रुवारी २०११ रोजी बिदून, म्हणजे कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेले लोक, रस्त्यावर उतरले. त्यांना न्यायालयात का जाता येत नाही? कारण प्रशासकीय खटल्यांसाठी १९८१मध्ये झालेल्या कायद्याने नागरिकत्वाचे प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले.

आपला संबंध काय, असे म्हणाल. पगार थकला तर २०१०च्या कामगार कायद्यानुसार, आधी कामगार खात्याकडे तक्रार करून, आपण न्यायालयात जाऊ शकतो, तेही शुल्क न भरता. पण परदेशी माणसाला प्रशासकीय आदेशाने हद्दपार केले, तर तो विषयही त्याच बाहेर ठेवलेल्या यादीत मोडतो.