शाळाप्रवेशाचे नियम आणि त्यांचे निदान : अमेरिकेतील इतिहासाचा एक अभ्यास

विनयपिटकाचे वाचन करताना एक गोष्ट अभ्यासकाच्या लगेच ध्यानी येते. तेथे कोणतेही शिक्षापद एकटे येत नाही. ते कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या तक्रारीवरून घालून दिले गेले, याची कथा आधी येते. मग नियम येतो. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने आपले दुःख निवेदन केले, म्हणून मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये, हा नियम महावग्गात आला. या प्रसंगकथेस विनयाच्या परंपरेत ‘निदान’ अथवा ‘वत्थु’ म्हणतात. नियम वाचण्याची ही रीत संघाच्या नियमांपुरतीच उपयोगी आहे, असे आम्हांस वाटत नाही. राज्यसंस्थेचे नियमही त्यांच्या निदानासह वाचले, म्हणजेच ते कोणासाठी झाले आणि कोणाविरुद्ध वापरले गेले, हे कळते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील सार्वजनिक शाळांच्या प्रवेशनियमांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. आमच्या समाजातील काही कुटुंबे आता त्या देशात स्थायिक झाली असून त्यांची मुले याच शाळांच्या दारातून आत जातात. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय?

अमेरिकेतील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा आपल्याकडील महसुली जिल्ह्यासारखा जिल्हा नव्हे. ठरावीक सीमा असलेले ते एक शाळा-क्षेत्र असते. बहुतेक ठिकाणी त्याचा कारभार लोकांनी निवडून दिलेले शिक्षण मंडळ पाहते आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग क्षेत्रातील घरांवरील व जमिनींवरील करातून येतो. अशी सुमारे १३,००० क्षेत्रे त्या देशात आहेत. मुलाचे नाव घालावयास गेलेल्या पालकांकडे सामान्यतः चार गोष्टी मागितल्या जातात : क्षेत्रात राहत असल्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा वीजबिल, मुलाच्या वयाचा पुरावा, लसी टोचल्याचा दाखला, आणि आधीच्या शाळेची कागदपत्रे. वरवर पाहता यांत आक्षेप घेण्याजोगे काहीच दिसत नाही. साथीचे रोग आवरण्यासाठी लस हवी, इयत्ता ठरविण्यासाठी वय हवे, कर कोणी भरावयाचा हे ठरविण्यासाठी पत्ता हवा. परंतु या प्रत्येक गोष्टीला इतिहास आहे, आणि तो मुलांना दारातून परत पाठविण्याच्या प्रसंगांनी भरलेला आहे.

बोस्टन : जवळची शाळा आणि दूरची शाळा

पहिला प्रसंग बोस्टन शहरातील आहे. मुलाने आपल्या घराजवळच्या शाळेत जावे, हा तेथील सर्वसाधारण नियम होता. मात्र ज्यांच्यासाठी ‘विशेष व्यवस्था’ केलेली आहे, त्यांना तो लागू नव्हता. कृष्णवर्णीयांसाठी अशी वेगळी शाळा होती. सारा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या मुलीला त्या शाळेत जाताना वाटेतील पाच शाळा ओलांडाव्या लागत. तिचे वडील बेंजामिन रॉबर्ट्स हे मुद्रक होते. त्यांनी शहराविरुद्ध दावा लावला. १८४९ साली त्यांच्या बाजूने चार्ल्स समनर आणि कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट मॉरिस उभे राहिले.

समनर यांच्या युक्तिवादातील एक भाग भारतीय वाचकाने मुद्दाम ध्यानी घ्यावा असा आहे. वर्णावरून मुलांना वेगळे बसविणे ही जातिव्यवस्थाच आहे, असे प्रतिपादन करताना त्यांनी हिंदुस्थानातील ब्राह्मण व शूद्र यांच्यातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या विभक्ततेचा दाखला दिला. न्यायालयाने मात्र १८५० साली निकाल शहराच्या बाजूने दिला. मुलांची वर्गवारी करण्याचा अधिकार शाळा समितीला आहे आणि समाजातील पूर्वग्रह कायद्याने निर्माण झालेला नसल्याने तो बहुधा कायद्याने बदलताही येणार नाही, असा मुख्य न्यायाधीश शॉ यांच्या म्हणण्याचा आशय होता. पाचच वर्षांनी, १८५५ साली, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा करून हा भेद बंद केला. पण निकालपत्र जिवंत राहिले. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करणाऱ्या १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला.

याच सुमारास मुंबई इलाख्यात काय घडत होते, हे येथे नमूद केले पाहिजे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे हे मान्य करूनही, एका व्यक्तीसाठी हस्तक्षेप केल्यास बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने शाळाच निरुपयोगी होईल, अशा अर्थाचा ठराव मुंबई सरकारने केला. १८५८ साली लंडनच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे कळविले; पण गावोगावची दारे त्या खलित्याने उघडली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात या प्रकरणाची नोंद आवर्जून केली. शॉ यांचा निकाल आणि मुंबई सरकारचा ठराव यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही दोन्ही ठिकाणी समाजाचा पूर्वग्रह हेच मुलाला न घेण्याचे कारण झाले.

सॅन फ्रान्सिस्को : देवीच्या दाखल्याची सबब

दुसरा प्रसंग कॅलिफोर्नियातील आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरात १८७१ ते १८८५ या काळात चिनी मुलांसाठी एकही सार्वजनिक शाळा नव्हती. त्यांचे पालक कर मात्र भरत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये जोसेफ व मेरी टेप हे दांपत्य आपल्या मॅमी नावाच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन स्प्रिंग व्हॅली शाळेत गेले. मॅमीचा जन्म अमेरिकेतच झालेला होता. मुख्याध्यापिका जेनी हर्ली यांनी तिला प्रवेश नाकारला. प्रकरण न्यायालयात गेले. राज्याच्या कायद्याप्रमाणे अस्वच्छ, दुर्वर्तनी किंवा सांसर्गिक रोग असलेल्या मुलांनाच शाळेबाहेर ठेवता येत होते. चिनी वंश हे कारण कायद्यात नव्हते. मार्च १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅमीच्या बाजूने निकाल कायम केला.

येथपर्यंत हा विजय होता. परंतु शहराच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी निकाल होताच विधिमंडळाकडे धाव घेतली आणि ‘मंगोलियन’ वंशाच्या मुलांसाठी वेगळी शाळा काढण्याची तरतूद तातडीने करवून घेतली. ती शाळा उघडण्यापूर्वी मॅमी पुन्हा स्प्रिंग व्हॅलीच्या दारात गेली. तेव्हा मुख्याध्यापिकांनी वंशाचा उच्चार केला नाही. देवी टोचल्याचा दाखला नियमाप्रमाणे नाही आणि वर्ग भरलेले आहेत, अशी कारणे त्यांनी दिली. लस टोचण्याचा नियम रास्त होता. त्याचा उपयोग कशासाठी झाला, हे सांगावयास नको. मेरी टेप यांनी शिक्षण मंडळास लिहिलेले पत्र एप्रिल १८८५ मध्ये वृत्तपत्रात छापून आले. चिनी म्हणून जन्मास येणे हा काय अपराध आहे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मंडळाच्या चिनी शाळेत आपली मुलगी कधीही जाणार नाही, असेही त्यांनी बजावले होते. परंतु दुसरा मार्ग उरला नव्हता. नव्या शाळेच्या पटावर पहिली नावे लागली ती मॅमी आणि तिचा भाऊ फ्रँक यांची.

याच शहरात ११ ऑक्टोबर १९०६ रोजी शिक्षण मंडळाने जपानी व कोरियन मुलांनाही त्या वेगळ्या शाळेत जाण्याचा आदेश दिला. त्या वेळी शहराच्या शाळांत जपानी मुले केवळ ९३ होती. वयाने मोठे जपानी विद्यार्थी लहान मुलांबरोबर बसतात, अशी तक्रार पुढे करण्यात आली. या जपानी वसाहतीत अनेक बौद्ध कुटुंबे होती. १८९९ सालीच जोदो शिन्शू पंथाचे दोन प्रचारक जपानहून या शहरात आले होते. १९०५ साली रशियाचा पराभव केलेल्या जपानचे सरकार स्वस्थ बसले नाही. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडावे लागले आणि १९०७ साली आदेश मागे घेतला गेला. त्याच्या मोबदल्यात जपानने आपल्या मजुरांचे स्थलांतर रोखण्याचे मान्य केले. चिनी मुलांची वेगळी शाळा मात्र कायम राहिली. त्यांच्या पाठीशी तसे बळकट सरकार नव्हते. ज्याच्या मागे सत्ता आहे त्याच्यासाठी नियम वाकतो, हा धडा यातून मिळतो.

ऑरेंज काउंटी ते टोपिका

१९४५ साली कॅलिफोर्नियातीलच ऑरेंज काउंटीत गोंझालो मेंडेझ आणि इतर चार पालकांनी चार शाळा-क्षेत्रांविरुद्ध दावा लावला. मेंडेझ कुटुंब युद्धकाळात छावणीत डांबलेल्या एका जपानी वंशाच्या कुटुंबाची शेती खंडाने कसत होते. मुलांची आत्या आपल्या मुलींसह भावाच्या मुलांचेही नाव घालण्यास वेस्टमिन्स्टरच्या शाळेत गेली, तेव्हा तिच्या उजळ वर्णाच्या मुलींना प्रवेश देऊ केला गेला आणि सावळ्या मेंडेझ भावंडांना मेक्सिकन मुलांच्या शाळेकडे पाठविण्यात आले. आत्याने आपल्या मुलींचेही नाव तेथे घातले नाही. मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून वेगळे बसवितो, असे क्षेत्रांचे म्हणणे होते. पण भाषेची खरी परीक्षा न घेताच, आडनाव व चेहरा पाहून मुलांना वेगळे काढले जाते, हे न्यायालयात उघड झाले. सुमारे ५,००० मुलांच्या वतीने लढलेला हा दावा १४ एप्रिल १९४७ रोजी अपिलातही यशस्वी झाला. त्याच वर्षी मॅमी टेपच्या काळापासून चालत आलेली वेगळ्या शाळांची तरतूद कॅलिफोर्नियाने रद्द केली. त्या विधेयकावर सही करणारे राज्यपाल अर्ल वॉरन हेच पुढे सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले.

१७ मे १९५४ रोजी वॉरन यांनी ब्राऊन खटल्याचा निकाल दिला. कॅन्सस राज्यातील टोपिका येथे लिंडा ब्राऊन हिला घरापासून सातेक गल्ल्यांवर असलेली शाळा सोडून रेल्वेच्या आवारातून चालत जाऊन दूरच्या शाळेची बस पकडावी लागे. जवळच्या ज्या शाळेने तिला नाकारले, तिचे नाव समनर शाळा असे होते. शंभर वर्षांपूर्वी सारा रॉबर्ट्ससाठी लढलेल्या चार्ल्स समनर यांच्याच नावाने ती उभी होती. महापुरुषाचे नाव इमारतीला देणे सोपे असते. त्याचा विचार प्रवेशाच्या नोंदवहीत उतरविणे अवघड असते. याचा अनुभव आपल्यालाही नाही, असे कोण म्हणेल?

वर्ण नाहीसा झाला, सीमा उरली

ब्राऊन निकालानंतर दक्षिणेतील राज्यांनी जे केले, ते आमच्या मते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. अलाबामासारख्या राज्यांनी विद्यार्थ्यांच्या वाटपाचे कायदे केले. त्यांत वर्णाचा उल्लेख नव्हता. विद्यार्थ्याची पूर्वतयारी, मानसिक अनुकूलता, शाळेतील जागा अशा निकषांची यादी होती, आणि प्रत्येक मुलाचा अर्ज स्वतंत्रपणे तपासावयाचा होता. परिणाम मात्र जुनाच राहिला. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या.

उत्तरेत हे काम सीमारेषेने केले. गोरी कुटुंबे शहरांतून उपनगरांत गेली आणि उपनगरांची शाळा-क्षेत्रे वेगळी होती. डेट्रॉइट शहराबरोबर भोवतालच्या ५३ उपनगरी क्षेत्रांना एकत्र घेऊन मुलांची वाटणी करावी, अशी योजना खालच्या न्यायालयाने आखली होती. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. भेदभावात उपनगरी क्षेत्रांचा हात असल्याचे सिद्ध झाल्यावाचून त्यांची सीमा ओलांडता येणार नाही, असा तो निर्णय होता. त्यापूर्वी १९७३ साली, घरपट्टीच्या फरकामुळे श्रीमंत व गरीब क्षेत्रांत पडणारी खर्चाची तफावत संविधानाविरुद्ध नाही, असेही याच न्यायालयाने ठरविले होते. या दोन निर्णयांनंतर पत्त्याला विलक्षण महत्त्व आले. मुलाला चांगली शाळा हवी तर त्या क्षेत्रात घर परवडले पाहिजे. २०११ साली ओहायओ राज्यात एका कृष्णवर्णीय मातेला, वडिलांचा पत्ता दाखवून मुलींना शेजारच्या क्षेत्रातील शाळेत घातल्याच्या प्रकरणी तुरुंगात नऊ दिवस काढावे लागले. निवासाच्या पुराव्याचे निदान कळले, म्हणजे या शिक्षेचा अर्थ कळतो.

कागद नसलेले मूल

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टेक्सास राज्याने १९७५ साली कायदा करून, देशात कायदेशीर प्रवेश न केलेल्या मुलांच्या शिक्षणाचा निधी बंद केला. टायलर येथील क्षेत्राने अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. ती भरणे मजूर आईबापांना शक्य नव्हते. आपली ओळख उघड झाल्यास देशाबाहेर काढले जाऊ, या भीतीत हे पालक होते. म्हणून न्यायालयाने सुनावणी पहाटे सहाला ठेवली. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलाला देता येणार नाही. अशा मुलांनाही सार्वजनिक शाळेत घेतलेच पाहिजे. पुढे बेघर मुलांसाठी १९८७ च्या कायद्यात भर घालून अशी तरतूद झाली की, पत्त्याचा पुरावा, लसीचा दाखला वा जुन्या शाळेचे कागद नसले, तरी मुलाला ताबडतोब वर्गात बसवावे आणि कागद नंतर मिळवावेत.

सॅन फ्रान्सिस्कोत १८८५ साली दाखल्याचे जे कारण दाराला अडसर म्हणून लावले गेले, तेच येथे काढून घेतले आहे. नियम तोच, पण आधी मूल आणि मग कागद असा क्रम लागला. आपल्या देशात १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यातही वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारू नये, असे कलम आहे. ऊसतोडणीसाठी, वीटभट्टीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना या कलमाची गरज किती आहे, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सातारच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी १९१४ व्या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिले गेले. नाव लागले, तरी वर्गातील अस्पृश्यता संपली नव्हती. म्हणून प्रवेश हा शिक्षणाचा आरंभ आहे, शेवट नव्हे, हे खरेच; पण ज्याचे नावच पटावर लागले नाही, त्याला पुढची लढाईही लढता येत नाही. आमच्यापैकी अनेकजण आज शिक्षक, मुख्याध्यापक, शाळासमित्यांचे सदस्य आहेत. त्यांच्या टेबलासमोर एखादी आई मुलाचा हात धरून, अपुरे कागद घेऊन उभी राहील, तेव्हा नियमाचे पुस्तक उघडण्यापूर्वी त्यांनी त्या नियमाचे निदान आठवावे आणि मुलाचे नाव आधी लिहून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.