नाताळगीत आणि जॅझचा पियानो

शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्हज ऑफ विंडसर' या नाटकात एक गृहिणी फॉल्स्टाफ या रंगेल सरदाराच्या ढोंगावर टीका करते. त्याच्या बोलण्याचा आणि कृतीचा मेळ किती, तर बायबलातील शंभरावे स्तोत्र 'ग्रीनस्लीव्हज'च्या चालीवर गावे तितका! सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या प्रेक्षकांना या विनोदाचा अर्थ सांगावा लागत नसे. 'ग्रीनस्लीव्हज' हे रस्तोरस्ती गायिले जाणारे प्रेमगीत होते. लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाकडे त्याची नोंद सप्टेंबर १५८० मधली आहे. अशा चालीवर देवाचे स्तोत्र गाणे म्हणजे विसंगतीची परिसीमा.

पुढे काळाने ती विसंगती प्रत्यक्षात आणली. १८६५ च्या सुमारास विमा व्यवसायात असलेल्या विल्यम चॅटर्टन डिक्स या इंग्रज गृहस्थाने मोठ्या दुखण्यातून उठताना बाळ येशूवर एक कविता लिहिली. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रॅम्ली व स्टेनर यांच्या नाताळगीतांच्या संग्रहात तिला चाल लाभली ती 'ग्रीनस्लीव्हज'ची. हेच 'व्हॉट चाइल्ड इज धिस'. आज ते गाताना कुणाला फॉल्स्टाफ आठवत नाही. आपल्याकडे नाटकातल्या पदाची चाल भजनाला लागली म्हणून भजन बाटत नाही, तसेच हे. तेव्हा विसाव्या शतकात जॅझच्या वादकांनी नाताळगीते हाती घेतली आणि मद्यालयातील संगीताने पवित्र गीते विटाळली असा आक्षेप आला, तर त्याला उत्तर या चालीच्या जन्मकथेतच आहे.

याहूनही सबळ उत्तर तिच्या रचनेत आहे. या चालीच्या तळाशी इटलीतून आलेले दोन ठरीव साचे आहेत. ध्रुवपदाआधीच्या भागात खर्जाचे स्वर षड्ज, कोमल निषाद, पुन्हा षड्ज आणि पंचम असे उतरतात. ध्रुवपदात पहिल्या षड्जाच्या जागी कोमल गांधार येतो. हे साचे फिरून फिरून वाजत राहायचे आणि ल्यूट या तंतुवाद्याचा वादक त्यावर स्वतःच्या कल्पनेने विस्तार करायचा, ही त्या काळची रीतच होती. जॅझचा वादक दुसरे काय करतो? गीताची स्वरसंगती आवर्तनासारखी पुन्हापुन्हा घेऊन तो तिच्यावर उत्स्फूर्त रचना करतो. चर्चने या चालीला चौकटीत बसविले. जॅझने तिला तिचा जुना धंदा परत दिला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये मोठ्या वाद्यवृंदासह 'ग्रीनस्लीव्हज' मुद्रित केले. १९६५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरील 'ए चार्ली ब्राउन ख्रिसमस' या चित्रपटासाठी व्हिन्स ग्वाराल्डीने बास आणि ड्रमच्या साथीने नाताळगीते वाजविली, आणि 'व्हॉट चाइल्ड इज धिस' त्याच्या ध्वनिमुद्रिकेत आले. परंतु साथीदार असताना पियानोवादकाला उसंत असते. एकट्याने वाजवायचे तर डाव्या हातालाच खर्ज, लय आणि स्वरसंगती ही तिन्ही ओझी वाहावी लागतात. त्यातून हे गीत श्रोत्याला तोंडपाठ. चाल फार झाकली तर तो हरवतो, जशीच्या तशी ठेवली तर जॅझ उरत नाही. शिवाय जॅझची सवयीची लय चार मात्रांची, आणि या गीताची झोके घेणारी तीनाची. ती मोडून चारात बसविणारे वादक आहेत. पण त्यात झोका जातो, आणि झोका गेला की पाळणाही गेला.

१९९६ मध्ये डेव्ह ब्रूबेकने हे आव्हान एकट्याने पत्करले. 'ए डेव्ह ब्रूबेक ख्रिसमस' ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका केवळ पियानोची आहे, आणि तीत हे गीतही आहे. कॅलिफोर्नियात पियानो शिकविणाऱ्या आईचा हा मुलगा तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. १९५८ च्या दौऱ्यात तो मुंबईला आला असता सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्याने वादन केले होते. पुढच्याच वर्षीच्या 'टाइम आउट' या ध्वनिमुद्रिकेने पाच आणि नऊ मात्रांच्या लयी अमेरिकेत घरोघरी पोहोचविल्या. तीनाच्या झोक्याची त्याला अडचण वाटण्याचे कारणच नव्हते. आणि चर्च त्याला परके नव्हते. त्याने कॅथलिक उपासनेसाठी संगीत रचले आणि त्यानंतर १९८० मध्ये तो त्या पंथात दाखल झाला.

या चालीची मांडणी करणाऱ्या प्रत्येकाला दोन जागी निर्णय घ्यावाच लागतो. एक धैवताची जागा: जुन्या वळणाने तो शुद्ध घ्यावा की अलीकडच्या सवयीप्रमाणे कोमल, याबाबत गाणाऱ्यांतही एकमत नाही. दुसरी जागा अगदी शेवटची. गीतभर कोमल गांधाराची उदास छाया असते; सोळाव्या शतकातील वादक मात्र अखेरच्या स्वरमेळात बहुधा शुद्ध गांधार लावून थांबत. पियानोवर ते एका बोटाचे काम आहे. कोमल गांधारावर थांबले तर प्रेमगीतातील विरह उरतो, शुद्धावर थांबले तर गोठ्यातला दिवा लागतो.