पेढीवर न जन्मलेल्यांचे उद्योग

ज्या घरात तीन पिढ्या पेढी चालत आली, तेथील मुलाला धंद्याचे शिक्षण वेगळे घ्यावे लागत नाही. उधारी कोणाला द्यावी, माल केव्हा उचलावा, रक्कम बुडाली तर काय करावे, हे तो जेवताना वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत असतो. मेमन, बोहरा, मारवाडी, भाटिया या व्यापारी समाजांचे भांडवल केवळ तिजोरीत नव्हते. ते या बोलण्यात आणि गावोगावच्या ओळखीत होते. मग ज्याचे वडील शिक्षक, शेतकरी किंवा गिरणीकामगार आहेत, त्याने सल्ला कोणाला विचारावा?

पूर्वी अशा माणसाला नशिबानेच एखादा आश्रयदाता भेटे. बेळगावातून कारखाना हलविण्याची पाळी आली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. परंतु प्रत्येक होतकरूच्या वाट्याला औंध येत नाही.

हे पाठबळ संस्थेमार्फत देता येईल काय, याची एक महत्त्वाची परीक्षा आंध्रातील काकिनाडा या बंदराच्या गावी झाली. हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या योजनेनुसार १९६४ साली तेथील ५२ व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत तुकड्यातुकड्यांनी बोलावण्यात आले. अभ्यासक्रम थोड्या दिवसांचाच होता. चित्र पाहून गोष्ट लिहिणे, खुंटीवर कडी फेकणे असले खेळ त्यात होते. पोक्त दुकानदारांना कड्या फेकावयास लावणे पोरकट वाटेल. पण खुंटीपासून किती अंतरावर उभे राहावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असे, आणि त्यातून झेपेल तेवढीच जोखीम घेण्याची सवय उमजे. पुढील काही वर्षे या मंडळींच्या व्यवहारांवर लक्ष ठेवले गेले. प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांनी अधिक नवे उपक्रम हाती घेतले, अधिक माणसे कामाला लावली. १९६९ साली हे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, जात, पोशाख किंवा जुने रीतिरिवाज यांचा अडथळा झाल्याचे दिसले नाही.

मात्र ही मंडळी आधीपासून धंद्यात होती. अगदी नवख्यांकडे वळण्याचे काम गुजरातने केले. तेथील औद्योगिक महामंडळांनी तारण मागण्याऐवजी माणसाची पात्रता पाहून तंत्रज्ञांना कर्ज देऊ केले. परंतु नुसत्या कर्जाने भागत नाही हे लवकरच कळले. म्हणून १९७० पासून उद्योजकता विकासाचे वर्ग सुरू झाले. आधी मुलाखती व चाचण्यांतून निवड, मग बाजारपेठेची पाहणी, प्रकल्प अहवाल, हिशेब आणि कर्जाच्या अर्जासाठी मदत, असा तो क्रम होता. या अनुभवातूनच १९८३ साली अहमदाबादेत अखिल भारतीय पातळीवरील उद्योजकता विकास संस्था निघाली. आपल्या राज्यात १९८८ साली औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले.

या वर्गांची लंगडी बाजू म्हणजे पाठपुरावा. प्रमाणपत्र हाती पडते, शेड मिळते आणि खरी अडचण त्यानंतर सुरू होते. गिऱ्हाईक बिल थकविते, कारागीर निघून जातो, बँकेचा हप्ता मात्र चुकत नाही. त्या वेळी व्याख्याता कामाचा नसतो. त्याच फेऱ्यातून पार पडलेला माणूस लागतो.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न दूर कॅलिफोर्नियात झाला. तेथील भारतीय उपखंडातील अभियंत्यांनी १९८० च्या दशकात कंपन्या काढल्या, तेव्हा विचारावयास आपले असे वडीलधारे जवळपास नव्हते. सिरस लॉजिकचे संस्थापक सुहास पाटील, एक्सेलानचे कंवल रेखी हे त्यांपैकीच. १९९२ साली अशा काही यशस्वी मंडळींनी 'टाय' ही संस्था काढली. संस्थेत सांगतात ती हकिकत अशी की, भारतातून येणाऱ्या एका सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहत मंडळी खोळंबली असता गप्पांतून ही कल्पना निघाली. अनुभवी सभासदाने नवख्याला आपला वेळ द्यावयाचा, असा तेथील रिवाज. त्यांत भारतीयांबरोबर पाकिस्तानी मंडळीही होती. मुंबई व पुणे येथेही आज या संस्थेच्या शाखा आहेत.